मोडतोडीचा दहावा हिस्सा

घर विकून महिना झाला होता, तरी "विकलं" हा शब्द अजून कोणाच्या तोंडून बाहेर पडत नव्हता. बाबा "व्यवहार झाला" म्हणायचे, थोरला "मोकळे झालो" म्हणायचा, आणि मधली फोनवर "ते काम उरकलं ना?" असं विचारायची, जणू काही दाढ काढून घ्यायची होती. आईला वाटायचं, म्हणा की एकदा स्पष्ट. घर विकलं, पैसे बँकेत पडले, महिनाअखेर किल्ल्या द्यायच्या. शब्द टाळला म्हणून भिंती थोड्याच आपल्या राहणार होत्या?

त्या रविवारी दुपारी तिन्ही मुलं जमली ती हिशेबासाठी. वसाहतीत जायचं हे ठरलेलं होतं, तिथे पैसे किती वर्षं पुरतील ते ठरायचं होतं. शहराबाहेर निवृत्त माणसांसाठी बांधलेली बैठी घरं, एक दवाखाना, सगळ्यांचं मिळून एक भोजनगृह. आधी भलीमोठी अनामत, मग दर महिन्याचा आकार, आणि जास्तीचं जे लागेल त्याचे पैसे वेगळे. आत्या त्याला मुद्दाम वृद्धाश्रम म्हणायची.

"वृद्धाश्रम नाही गं आत्या, वसाहत," थोरला दर वेळी दुरुस्त करायचा.

"तेच ते. दाराला रंग बरा दिलाय, एवढंच."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, उभी हयात हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काढली. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा दार उघडायला तीच आली होती, आणि तेव्हापासून दोघी एकाच छपराखाली होत्या. माया होती का? होती. भांडणं व्हायची का? ते विचारूच नका. पण भांडणांपेक्षा आईला खुपायची ती घराची रचना. तीन खोल्या एकामागे एक, आणि न्हाणीघर सगळ्यांत मागे. आत्याला तिकडे जायचं तर आईबाबांच्या खोलीतूनच जावं लागे. बिचारी दारापाशी खाकरायची, मान खाली घालून जायची, तशीच परत यायची. दोष तिचा नव्हता. पण त्या खोलीच्या दाराला सत्तेचाळीस वर्षांत आतून कडी म्हणून लागली नाही.

मागच्या महिन्यात सगळे वसाहत बघायला गेले होते. दोघांसाठीचं घर बघताना आई एकटीच आत गेली, दार लावलं, कडी घातली आणि नुसती उभी राहिली. बाहेरून बाबा "अगं, काय झालं?" म्हणून दार वाजवायला लागले तेव्हा तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मग तिघांसाठीचं घर दाखवलं. दोन खोल्या, एकामागे एक, न्हाणीघर मागच्या खोलीला.  नशिबात असेल ते चुकतं थोडंच, असं आई मनाशी म्हणाली आणि गाडीत येऊन बसली.

तर आता पुढच्या खोलीत, बांधलेल्या खोक्यांच्या मधोमध, मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले होते. आभाळ असं दाटलं होतं की भरदुपारी दिवा लावावा लागला. मुलांनी कामं वाटून घेतली होती. मधलीचं औषधांचं दुकान, म्हणून दवाखाना, गोळ्या, परिचारिका हे तिच्याकडे. धाकट्याची खानावळ, म्हणून जेवणखाण, कपडे, किरकोळ सगळं त्याच्याकडे. थोरला विमा कंपनीत, त्याच्याकडे घराचं भाडं, देखभाल आणि शेवटी सगळ्याचा मेळ.

"बाबांचं वय किती धरलंस?" मधलीने विचारलं.

"बरोबर धरलंय."

"म्हणजे किती?"

थोरला कागदातून डोकं वर न काढता म्हणाला, "पंच्याऐंशी. वर मोडतोड. साडेत्र्याण्णव."

धाकटा फिसकन हसला. "अरे, माणसाच्या वयाला मोडतोड?"

हसण्यासारखंच होतं ते. पण या घरात वाढलेल्यालाच त्यातलं खरं कळावं. बाबांनी जन्मभर इमारतींची अंदाजपत्रकं केली. विटा फुटतात, वाळू उडते, सिमेंट भिजतं, म्हणून जे काही लागेल त्याचा दहावा हिस्सा मोडतोड म्हणून वर धरायचा, हा त्यांचा नियम. तो कचेरीत राहिला असता तर ठीक, पण तो घरात शिरला. दहा माणसं येणार असली की खुर्च्या अकरा. गाडी दहाची असली की नऊ वाजता सगळे फलाटावर, थंडीत कुडकुडत. मुलांना पाढे यायच्या आधी मोडतोड यायला लागली होती.

"मग काय, कमी धरू?" थोरला चिडला. "पैसे आधी संपले आणि बाबा..."

"बोल की," बाबा म्हणाले. "आणि बाबा उरले, तर."

"मला किती दिलीस?" आईने विचारलं.

"सत्त्याण्णव. बायका जास्त जगतात, आई. कोष्टकच असतं आमच्याकडे तसं."

"अरे देवा. मला विचारायचं तरी!"

"आणि माझं?" स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती, ओले हात पुसत. यंत्रावर वाकड्या झालेल्या बोटांना पुसायला तिला वेळ लागायचा. "सांग ना. कळू दे मलाही, अजून किती वर्षं रोज उठून दात घासायचेत ते. आणि दात आहेतच किती!"

हसायची जागा होती, पण थोरला हसला नाही. त्याने चष्मा काढला, काचा शर्टाला पुसल्या, परत घातला. "आत्या, मी दोन्ही प्रकारे मांडून बघितलं. तिघांचं म्हणून आणि दोघांचं म्हणून. दोघांचं जमतंय. तिघांचं आठ वर्षांत खलास होतंय."

 धाकट्याने खिशातून काही शोधायचं निमित्त काढलं.

खोटं कशाला बोलायचं, आईला आधी आनंद झाला. आतून, सरळ, लाज सोडून आनंद झाला. त्या दोघांच्या घराची कडी तिच्या डोळ्यांपुढे आली. मग तिने दारातल्या आत्याकडे पाहिलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. पण आनंद झाला तो झालाच.

"मग त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं?" आत्या म्हणाली. "अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने. तुम्ही दोघं जा. माझी सोय होईल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे?" मधली थोरल्यावर उसळली. "सोपं आहे रे तुला, आकडे मांडले की झालं! तुला गोवर आला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? कोष्टक?"

"मग ने ना तू. मी कुठे नको म्हणतोय?"

"माझ्याकडे सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. एकीची कूस बदलताना माझी पाठ मोडते."

"तेच म्हणतोय मी. प्रत्येकाचं काही ना काही असतं."

मग दोघांनी मिळून धाकट्याकडे पाहिलं. क्षणापूर्वी एकमेकांना ओरबाडणारी ही दोघं आता एका बाजूला झाली होती. "तू तर तिचा लाडका," मधली म्हणाली. "आई आजारी होती तेव्हा दोन वर्षं तिच्याच पदराखाली वाढलास."

"मी नाही कुठे म्हणतोय?" धाकट्याचे कान लाल झाले. "खानावळीच्या वर दोन खोल्या. खालून दिवसभर धूर. तिला दमा. आणि ही म्हणते..." ही काय म्हणते ते त्याने सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. बायकोला काय म्हणायचं ते आज ती आली नाही यातच आलं होतं.

"चार-चार महिने," थोरला म्हणाला. "आळीपाळीने. कोणा एकावर भार नको."

"हां, ते चालेल," धाकटा लगेच म्हणाला. घर विकायच्या वादापासून हे दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं, ते यावर.

"म्हणजे उन्हाळ्यात पंखा काढतात आणि थंडीत रजई, तसं काढणार-ठेवणार मला," आत्या म्हणाली. आवाज हसराच होता. "बरं बाई. चहा कोणाकोणाला हवाय?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

"बाबा, तुम्ही एकदा बघून घ्या," थोरल्याने कागद पुढे सरकवले. "तुमच्या नजरेखालून गेलं की बरं."

बाबांनी चष्मा लावला. त्यांचं बोट रकान्यातून खाली उतरत गेलं. सवयीचं बोट होतं ते, आयुष्यभर असंच उतरलेलं. मधलीच्या कागदावर ते थांबलं. धाकट्याच्या कागदावर थांबलं. शेवटी थोरल्याच्या बेरजेपाशी येऊन बराच वेळ राहिलं. आईला वाटलं, डोळे थकले असतील. बाबांनी कागद एकावर एक ठेवून घडी घातली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

झालं. बाबा बरोबर म्हणाले म्हणजे बरोबर.

मुलं निघण्याआधी आवराआवर सुरू झाली. आत्या पाय दुखतात म्हणून तिच्या खोलीत जाऊन पडली होती. आई आणि धाकटा स्वयंपाकघरात बशा कागदात गुंडाळत होते. धाकटा मान वर करत नव्हता. त्याला काहीतरी बोलतं करावं म्हणून आई म्हणाली, "एवढं खातो का रे आम्ही? जेवणाचा आकडा बघून मला तर धडकीच भरली."

"अगं, नुसतं जेवण नाही ते. वर मोडतोड धरली ना मी. बाबांच्या नियमाने."

"हो का," आई म्हणाली, आणि पुढची बशी घेतली.

दारात मधली चपला घालत होती. आईने तिला पिशवी दिली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "औषधांना पण मोडतोड धरलीस का गं?"

"धरणार नाही तर काय! प्रत्येक बाबीला धरली, आणि भाव वाढतात म्हणून एकूण रकमेवर परत. बाबांचीच मुलगी ना मी." तिने आईच्या गालाला हात लावला. "नको काळजी करूस. आत्याला मी बघेन माझे चार महिने."

आणि थोरल्याने तर सगळ्यांसमोरच सांगितलं होतं. वयांनाही धरली होती, बेरजेलाही धरली असणार.

मुलं गेली. आई खोक्यांमध्ये उभी राहिली. तिला हिशेबातलं फार कळत होतं अशातला भाग नाही. पण अंदाजपत्रकवाल्याशी संसार केला होता तिने. याच टेबलावर बाबांनी हाताखालच्या एका पोराला असं झाडलं होतं की तो रडकुंडीला आला होता. "मोडतोडीवर मोडतोड धरता? एक वीट दोनदा फुटते का हो?" तेव्हा आईनेच त्या पोराला पाणी दिलं होतं.

बाबा मागच्या पायरीवर बसले होते. अंगणात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तिकडेच बघत होते.

"अहो, तुम्हाला कळलं नाही?"

"काय?"

"सगळ्यांनी धरलीय. एकाने नाही, तिघांनी. एकावर एक."

  बाबा म्हणाले, "पोरांच्या हिशेबातली चूक मला कळणार नाही?"

"म्हणजे कळलं होतं."

"पहिल्याच कागदावर."

"आणि मोडतोड एकदाच धरली तर?"

"तिघांचं बसतं. घट्ट बसतं, श्वास घेता येणार नाही इतकं. पण बसतं."

 आई त्यांच्याशेजारी पायरीवर टेकली. "मग बोलला का नाहीत? तुमची बहीण आहे ती. सख्खी. चार-चार महिने ती या पोरांच्या दारात उभी राहणार, आणि तुम्ही बरोबर म्हणालात?"

"त्या दिवशी तू आतून कडी लावलीस," बाबा म्हणाले. बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते. "मी बाहेर उभा होतो. मला ऐकू आली ती कडी. मग तू हसलीस. अगं, इतक्या वर्षांत मी तुला काही दिलं नाही. मागितलं नाहीस, म्हणून दिलं नाही. मला वाटलं, आता राहिलेत किती दिवस. हे तरी मिळू दे हिला."

आईला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींतलं आधी कोणतं बाहेर पडेल ते तिला कळेना. "सत्तेचाळीस वर्षांत माझ्यासाठी एक गोष्ट केलीत," ती म्हणाली, "आणि केलीत तीही अशी!"

"मी तिला सांगणार नाही," बाबा म्हणाले. "मला जमणार नाही ते. तू म्हणशील तसं. तू गप्प बसलीस तर ते असंच होऊन जाईल."

ही तर खरी मेख होती. काही करायचंच नव्हतं. तोंड उघडायचं नाही, एवढंच. थोरल्याने हिशेब केला, बाबांनी मान डोलावली, मुलांनी वाटणी केली. आईच्या हाताला डागही लागणार नव्हता. आणि तिला ते घर हवं होतं, इतकं हवं होतं की नुसतं मनात आणलं तरी छातीत दुखायचं. शिवाय पैसे घट्ट बसणार, म्हणजे उद्या कोणी आजारी पडलं तर हातचं राखलेलं काही नाही. शहाणपण गप्प बसण्यातच होतं. अंधारून आलेल्या अंगणात ती बराच वेळ बसून राहिली. बाबांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मग ती उठली. आत्यासाठी चहा टाकला, कप घेऊन तिच्या खोलीत गेली.

आत्या पडली नव्हती. खाटेवर पिशवी उघडी ठेवून कपडे लावत होती. थोडे भरायची, परत काढायची.

"ये वहिनी. मी बघत होते, चार महिन्यांना किती साड्या लागतील. जास्त नेल्या तर त्यांच्या कपाटात अडचण." तिने कप घेतला. "आधी कोणाकडे जायचं ते ठरलं का गं?"

"नाही."

"धाकट्याकडे शेवटी ठेवा. तोवर त्याच्या बायकोच्या मनाची तयारी होईल." तिने चहाचा घोट घेतला. "बरं, तुमच्या तिकडे भेटायला येऊ देतात ना? घरं दाखवणाऱ्या त्या बाईंना मी विचारायचंच विसरले. रात्री राहिलं तर चालतं? की दिवस मावळायच्या आत निघावं लागतं?"

आईला त्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. पाहुण्यांनी सहाच्या आत बाहेर पडायचं, फाटकावरच लिहिलं होतं. तिने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून दुसरंच आलं.

"वन्सं, हिशेब चुकला होता."

"काय?"

"मुलांनी तिघांनी मोडतोड धरली. एकावर एक. एकदाच धरली की तिघांचं बसतंय. तुम्ही आमच्याबरोबर येताय."

आत्याने कप खाली ठेवला. वाकडी बोटं एकमेकांत गुंतवली, सोडवली. "नक्की? माझं मन राखायला नाही ना म्हणत?"

"नाही."

"कोणाच्या लक्षात आलं?"

आईने उघड्या पिशवीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर एक वाक्य पुरे होतं. पण ते ऐकून ही बाई रोज सकाळी भावाच्या हातात चहा कशी देणार होती?

"त्यांच्या," आई म्हणाली. "परत एकदा बघितलं त्यांनी."

आत्याच्या डोळ्यांतून एकदम पाणी वाहायला लागलं. ती हसत होती आणि पदराने तोंड पुसत होती. "वाटलंच मला! दादा असं होऊ द्यायचा नाही, म्हटलं. तो बरोबर म्हणाला ना, तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं होतं." मग तिने आईचा हात धरला, आणि आवाज खाली आणला. "वहिनी, एक सांगते, राग मानू नकोस. मला वाटलं होतं, हे तुझं आहे. तूच सांगितलं असशील त्याला. दोघांचं घर बघताना तुझा चेहरा पाहिला होता मी."

आईने पिशवीतून घसरलेली साडी आत सारली.

"माझं काही म्हणणं नाही गं. इतकी वर्षं मी तुमच्या मधूनच येत-जात राहिले. तुला वाटलं असेल तर त्यात तुझं काय चुकलं? मी कधी काढणार नाही हा विषय. दादालाही बोलणार नाही." तिने आईच्या हातावर थोपटलं. "माफ केलं मी तुला."

आणि ती उठलीच. पाय दुखत होते तरी लगबगीने मागच्या दाराकडे गेली. "दादा! अरे दादा, वहिनीने सांगितलं मला!"

आई खाटेवर बसून राहिली.  मागून बाबांचा आवाज आला, नेहमीसारखाच, अंदाजपत्रक समजावून सांगावं तसा.

"हो अगं. माझ्या वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं."

आईने कपातला उरलेला चहा खिडकीतून ओतून दिला आणि साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.